वेंगुर्ला-७

इथे संशोधन म्हटलं की माणसं काजूकडे बघतात.
घरमालक पडवळकाका पहिल्याच दिवशी म्हणाले,
"म्हणजे फळ संशोधन केंद्रातले!
मग आमच्या कलमाक मोहर कित्याक नाय, ता सांगा."
मी म्हणालो, माझं विद्यापीठ वेगळं.
विषयही सांगितला, अर्धा:
लहान शहरांतलं नागरी जीवन.
उरलेला अर्धा बॅगेत होता,
संमतीपत्रकांच्या चाळीस प्रतींखाली.

शिष्यवृत्ती सहा महिन्यांची.
समितीने विचारलं होतं, वेंगुर्ला शहर आहे का?
नगरपरिषद आहे, म्हणालो.
बाजार आहे, बंदर आहे, एसटीचा स्टँड आहे.
लपायला जागा नाही,
हे म्हणालो नाही.

नावं लिहायची नाहीत असा नियम.
म्हणून वें-१, वें-२.
वें-४ दाभोली नाक्यावर मोबाइल दुरुस्त करतो.
रात्री दीपगृहाच्या चढावर जातो, तिथे रेंज मिळते.
ॲप सांगतं: सर्वांत जवळचा माणूस, चाळीस किलोमीटर.
"तोही गोव्यात," तो म्हणाला.
"तुम्ही आलात त्या रात्री
दोनशे मीटर दाखवलं.
मी घाबरून फोनच बंद केला."
हे वाक्य नोंदवहीत नाही.

वें-७ ही एक बाई की दोन,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
एकीला विचारलं की दुसरी उत्तर देते.
"वेंगुर्ला-सात? ता तर काजूचा नाव!"
शेवंती हसली. "लाव तर लाव. बी मोठी असता तेची."
(शेवंती, सांतान: ही नावंही खोटी.
दोघींनी मिळून निवडली, भांडून.)

संमतीपत्रक मी मोठ्याने वाचलं.
'गोपनीयता राखली जाईल' इथवर आलो
तेव्हा सांतानने अंगठा पुढे केला.
बावीस वर्षं टरफलाच्या तेलाने रेषा खाल्लेला.
रेशनच्या मशीनला ती सापडत नाही.
पॅडवर टेकवला, कागदावर दाबला:
जांभळा, गुळगुळीत, नुसता ओघळ.

प्रश्न अकरा. आपण स्वतःला काय म्हणवता?
पाच चौकटी, सहावी 'इतर'.
मी एकेक वाचत गेलो.
दोघी सुपात गर निवडत होत्या,
अख्खो हय, पाकळी थंय, तुकडो डब्यात.
"आमी काय म्हणत नाय रे.
सांजेक कारखान्याचो भोंगो वाजलो
की ही म्हणता, येतस?
मी म्हणतंय, येतंय."
"आणि लोक?"
"लोक म्हणतत भयणी."
एक गावडे, एक फर्नांडिस.
कुणी कधी हिशेब नाही मागितला?
"मागलेलो," सांतान म्हणाली. "एकदा."
रेकॉर्डरमध्ये त्यानंतर
एक मिनिट आठ सेकंद
डब्यात गर पडल्याचा आवाज आहे.
त्याला कुठला कोड द्यायचा, विचारलं पाहिजे.

उठलो तेव्हा शेवंती म्हणाली,
"आणि तू कितवो?"
मी म्हणालो, मी विचारणारा. मला नंबर नसतो.
"असो कसो नसता?"
उत्तराची वाट न बघता तिने
माझंच एक कोरं संमतीपत्रक घेऊन पुडी बांधली.
पाकळी काढली, अख्खेच घातले.
पैसे दाखवले तर रागावली.

कुडाळ स्टेशनवर गाडी दोन तास उशिरा.
पुडी सोडली.
कागदाला तेल सुटलं होतं,
सहीच्या ओळीवर एक पारदर्शक डाग,
पलीकडचा रूळ त्यातून पुसट दिसत होता.
सरांचा फोन आला: नमुना किती झाला?
सात, म्हणालो.
मग म्हणालो, थांबा सर,
पुन्हा मोजतो.